पिठातली रेघ, फ्लेक्सवरचा शार्क

सरळ सांगते, ही ट्रिप मी चिडून केली. सौसरचे गजूभाऊ गेले, तेरवी झाली, तरी लोकांच्या कमेंट थांबेनात. वाचून वाचून डोकं असं भणभणलं की म्हटलं, फोन भिंतीवर आपटण्यापेक्षा जाऊन यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गजूभाऊ म्हणजे सापांचे व्हिडिओ करणारा आमच्याकडचा माणूस. संत्र्याच्या बागेत उभं राहून, आकड्यावर घोणस तोलत (आमच्याकडे तिला परड म्हणतात) ते सांगायचे, "घाबरू नोका, पन लाडातबी येऊ नोका." सौसरमध्ये आम्ही राहायचो तेव्हा आमच्या न्हाणीतून त्यांनीच धामण काढली होती आणि जाताना आईला म्हणाले होते, "काकू, चाय नको, मोरीले जाळी लावा."

ते पहिल्यांदाच समुद्रावर व्हिडिओ करायला कोकणात गेले. उथळ पाण्यात वाकून वाळूतला पाकट दाखवत होते. पाकट म्हणजे चपटा, पसरट मासा, शेपटीला विषारी काटा. तो दचकला, शेपटी फिरली, काटा छातीत गेला. अपघात. एवढंच झालं होतं.

पण एवढ्यावर भागेल तर ती पब्लिक कसली? "मस्ती केली की असंच होते." "सापांचा शाप लागला." "पाकट दिसला की ठेचा." हे शेवटचं लिहिणारा पांढुर्ण्याचा. भाऊ, तुझ्या गावात पाकट येणार कुठून? नळातून?

तर सकाळी नागपूरहून पांढुर्ण्याची गाडी धरली. जनरलचं तिकीट चहा-नाश्त्यापेक्षा स्वस्त. काटोल-नरखेडला संत्र्याच्या टोपल्या डब्यात चढतात आणि पुढचा प्रवास सुगंधी होतो, फक्त पाय ठेवायला जागा उरत नाही. पाणी सोबत ठेवा. स्टेशनबाहेर पोहे घ्या, वर तर्री मागून घ्या, न मागता देतात ती नुसतं लाल पाणी असते.

चौकातच भला मोठा फ्लेक्स. गजूभाऊ हात जोडून उभे आणि त्यांच्या मागे जबडा उघडलेला शार्क. शार्क! शेजारीच फ्लेक्स छापणाऱ्याचं दुकान होतं. मी तशीच आत गेले.

"दादा, त्यांना पाकट लागला. हा शार्क आहे."

"मालूम हाय ना, मॅडम. पयले पाकटच टाकला होता. मंडळी म्हनाले, हा तं तवा दिसून राहिला. एवढा मोठा मानूस तव्यानं मरन का?"

पुढे बाजारात एक मासळीवाली बाई माशा हाकलत बसली होती, पाटी भरलेली. मला बघून म्हणाली, "घे वं बाय, रोहू हाय. कोनी घेऊनच नाई राहिलं."

"का?"

"गजूभाऊचा दुखवटा म्हन्ते. आता सांग, समुद्राच्या मासोळीनं केलं, तं माह्या तलावाच्या रोहूनं काय गुन्हा केला?" त्या दिवसात मला भेटलेलं हे एकमेव अकलेचं वाक्य. मला मासे शिजवायला जागा नव्हती, नाहीतर पाटीच उचलली असती.

पांढुर्णा ते सौसर बस मिळते. वेळापत्रक विचारू नका, भरली की सुटते. सौसरला बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये राहिले. खोली ठीक, गरम पाणी बादलीने, आणि मॅनेजरचं फुकट लेक्चर, "भाऊ आता साप झाला, तुमी ऐकलं नाई का?"

मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गजूभाऊंच्या घरी गेले तेव्हा कळलं. अंगणात चपलांचा ढीग. आत जिथे भाऊंना आणून ठेवलं होतं तिथे नारळ, हार, उदबत्त्या आणि वाटीभर दूध. त्यांची बायको रेखावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. डोळे कोरडे, कपाळावर आठी.

आमच्याकडे रीत आहे. माणूस जिथे ठेवला तिथे दिवा लावायचा, बाजूला पीठ पसरायचं, वर टोपलं झाकायचं. सकाळी पिठात जो ठसा दिसेल, तो त्याचा पुढचा जन्म. पाखराचा पाय दिसला तर पाखरू, खूर दिसला तर गाय. गजूभाऊंच्या पिठात लांब, वळणावळणाची रेघ निघाली होती. झालं! कोणीतरी फोटो काढला आणि लोधीखेड्यापासून तिगावपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तीच रेघ.

मंडळी पांगल्यावर वहिनी चहा घेऊन बसली. मी म्हटलं, "वहिनी, भाऊ असते तर कपाळावर हात मारला असता."

"मारलाच असता. तुले एक सांगतो, पोरी. ते रेघ म्याच काढली."

"म्हणजे?"

"दिव्यातलं तेल सरत आलं होतं. टोपलं उचललं, तेल घातलं. पदर पिठातून गेला अन् मले समजलंबी नाई. सकाळी पाह्यलं तं हे गर्दी. सासूबाई पाया पडून राहिल्या."

"मग सांगितलं का नाही?"

तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे भाऊंचे आकडे, पाइप, कापडी पिशव्या टांगलेल्या. "सांगनार होतो. पन तवापासून कोनी एक साप मारला नाई. त्यानं एवढी वर्षं बोंबलून जे झालं नाई, ते माह्या पदरानं केलं. आता खरं सांगितलं तं काठ्या परत निघतीन."

तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. तो आता वहिनीच उचलते. साप पकडायला भाऊंनीच शिकवलं होतं, पण व्हिडिओत ती कधी आली नाही. पलीकडून आवाज आला, "वहिनी, भाऊ आले! मोहगावात, आमच्या बागेत. दर्शनाले या."

"रंग कसा हाय?"

"भुरा. पाठीवर गोल गोल डाग. एकदम शांत बसले हायेत."

वहिनीने कप तसाच ठेवला. "परड हाय," एवढंच म्हणाली, आकडा घेतला आणि पाइप-पिशवी माझ्या हातात दिली. तिच्या स्कूटीवर मागे बसून मोहगावचा रस्ता मी डोळे मिटून केला, त्यामुळे निसर्गवर्णन मिळणार नाही. खड्डे आहेत एवढं सांगू शकते.

बागेत संत्र्याचा तोडा चालू होता. कॅरेटच्या थप्पीजवळ तणसाचा, म्हणजे वाळल्या पेंढ्याचा, ढीग, भोवती माणसांचं कोंडाळं. ढिगावर परड वेटोळं घालून. पुढे दुधाची वाटी. आणि बागवाले सुभाषकाका, ज्यांनी फोन केला होता, त्यांची बायको कुसुमकाकू हातात झेंडूचा हार घेऊन दोन पावलांवर वाकलेली. परड फुसफुसत होती, कुकरसारखी.

"काकू, मांगं सरा!" वहिनी ओरडली.

"काई करत नाई वं. भाऊ हाय आपला. बोलून राहिला माह्यासंगं, आयक."

"बोलून नाई राहिला, चावाची तयारी करून राहिला! तो भाऊ नोहे! ते रेघ माह्या पदराची होती!"

काकूंनी मान वळवली, हार हातातच. तेवढ्यात मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. परड झेपावली. झेंडूची दोन फुलं तणसावर पडली.

वहिनीने आकड्याने परड उचलली, पिशवी लावलेल्या पाइपचं तोंड पुढे धरलं, ती अंधार बघून आत सरकली, पिशवीला गाठ. मग तिने सगळ्यांना सांगितलं. तेल, टोपलं, पदर, सगळं. आवाज फाटला होता. "त्यानं जनमभर सांगितलं, लाडात येऊ नोका. तुमी त्याच्याच नावानं मरून राहिले, तं मी का तोंड दाबून बसू?"

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "वहिनी दुःखात हाय बिचारी. जाऊ द्या."

मी तिथल्या तिथे संत्र्याची कॅरेट डोक्यावर आपटून घेणार होते.

वनखात्याच्या माणसाला कळवून परड जंगलात सोडली. परत येऊन वहिनीने भाऊंचाच फोन माझ्या हातात दिला, "कर शूटिंग." अंगणात उभी राहिली. पीठ पसरलं, टोपलं झाकलं, उचललं, तेल घातलं, पदर फिरवला. हुबेहूब तीच रेघ. "हे पाहा. साप दिसला तं दूध नोका ठेवू, काठी नोका उचलू. मले फोन करा." भाऊंच्या चॅनेलवर तिचा पहिला व्हिडिओ.

परतीला सौसरहून लोधीखेडा, सावनेर करत नागपूरची बस घेतली. रस्ता बरा आहे, खिडकीशी बसाल तर बागा दिसतात. मी फोन बघत होते, म्हणजे चूक केली. पहिली कमेंट, "वहिनी, तुमच्या पदरातूनच भाऊ आले, धन्य झालो." खाली हात जोडलेले. दुसरी, "बाईमाणसानं टोपलं उचललंच कशाला?" तिसऱ्याने फक्त शार्क टाकला होता.

घरी आले, बॅग उघडली तर तळाशी काकूंनी कोंबलेली संत्री. सोलत बसले. रागाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. मला वाटायचं, एकदा खरं सांगितलं की काम झालं. वहिनीला बहुतेक आधीपासून माहीत होतं की होत नसतं, आणि तरी तिने सांगितलं.

आठवड्याने तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे स्कूटीचा आवाज. "सुभाषकाकाचा फोन होता. म्हने, वहिनी, नाग निघाला. दूध नाई ठेवलं. काठी नाई उचलली. काकूले खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली. लवकर या, ते आतून हार मागून राहिली."

आणि मग ती हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं.