टॅग लावलेलं बटण

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं वाचनालय म्हणजे क्लबहाऊसमधली दोन कपाटं. कोणतं पुस्तक कुणाच्या घरी अडकलंय हे कळावं म्हणून मी एक छोटं अॅप केलं आणि घरच्या जुन्या संगणकावर ठेवलं. नोकरी आयटीतली, त्यामुळे फार अवघड गेलं नाही. अडलं ते तळमजल्यावरच्या निवृत्त काकांपाशी.

त्यांच्याकडे चार कपाटं पुस्तकं होती. घराला रंग द्यायचा म्हणून ती सगळी वाचनालयाला द्यायला ते तयार होते. आधी त्यांनी मोबाईलवर आमचं अॅप उघडलं.

"पत्ता म्हणून नुसते आकडे आहेत," ते म्हणाले. "आणि शेजारी 'असुरक्षित' लिहिलंय. हे तुम्हीच लिहिलंत?"

"नाही काका, ब्राउझर लिहितो."

"म्हणजे त्याला तरी कळतंय. रंगारी सोमवारी येतोय. तोवर नीट पत्ता आणि कुलूप दिसलं तर पुस्तकं तुमची. नाहीतर रद्दीवाला."

मी त्याच दिवशी वाचनालयाच्या नावाचं डोमेन, म्हणजे आकड्यांऐवजी वाचता येईल असा पत्ता, घेतलं. त्याच्या सेटिंगमध्ये नावासमोर आमच्या घरच्या इंटरनेटचा आकडा लिहिला. या नव्या पत्त्यावरून कुणी आलं तर त्यालाही संगणकाकडेच पाठव, असं राउटरला सांगितलं. राहिलं ते पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारं प्रमाणपत्र. ते फुकट मिळतं, पण देणारी संस्था आधी त्या नावावर येऊन दार वाजवते आणि आतून उत्तर आलं तरच कुलूप देते. नवं नाव सगळीकडे पोचायला काही तास लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून अर्ज केला.

उत्तर आलं: दार कुणी उघडत नाही.

संध्याकाळी घरी पाहिलं तर संगणक साळसूदपणे चालू. फक्त इंटरनेटचा आकडा बदललेला. तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंटरनेटवाल्याला फोन करून चांगलं झापलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा राउटर रोज दुपारी बंद असतो." मी त्याला खोटारडा ठरवून फोन ठेवला.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून भर दुपारी घरी आले. सासरे रोजच्यासारखे बाहेर पडताना दाराला कुलूप लावत होते. आत फ्रिज सोडून एकूण एक बटण बंद. राउटर बंद करून पुन्हा लावला की आकडा बदलतो. परत आल्यावर ते बटणं लावायचे, आणि वीज आली की संगणकाने आपोआप सुरू व्हावं ही सोय मीच केलेली, त्यामुळे संध्याकाळी मला काही पत्ताच लागत नव्हता.

"बाबा, हे बंद का केलंत?"

"बाहेर पडताना बंदच करायचं असतं. कारखान्यात आम्ही कुलूप लावायच्या आधी एकेक बटण बघायचो."

"अहो, तुमच्या खडकीच्या कारखान्यात दारूगोळा होता. इथे पुस्तकांची यादी आहे."

"कागदाला आग लागत नाही वाटतं?"

यादी कागदावर नाही हे सांगण्यात अर्थ नव्हता. मग मला त्यांचीच एक जेवताना शंभरदा ऐकलेली गोष्ट आठवली. मशीनवर काम करणारा माणूस बटणावर सही केलेला लाल टॅग अडकवतो आणि ज्याची सही त्यानेच तो काढायचा. साहेबालासुद्धा हात लावायची परवानगी नाही. मी साडीच्या लाल खोक्याचा तुकडा कापला, त्यावर 'काम चालू आहे, बटण बंद करू नये' असं लिहिलं, सही केली आणि संगणक आणि राउटरची शेजारशेजारची बटणं चालू करून तिथे अडकवला.

सासऱ्यांनी चष्मा लावून वाचला. "तारीख कोण घालणार?"

तारीख घातली. घरातली बाकीची बटणं बंदच आहेत ना हे पुन्हा एकदा बघून ते निघून गेले. मी आकडा दुरुस्त केला आणि शनिवारी सकाळी पुन्हा अर्ज केला. या वेळी प्रमाणपत्र मिळालं.

तळमजल्यावरच्या काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून कुलूप पाहिलं. "किल्ली कुणाकडे?"

"आमच्या संगणकात."

"आणि संगणकाकडे लक्ष कोण ठेवतं?"

"सासरे."

"मग हरकत नाही. पिशव्या मजबूत आणा."

रविवारभर पिशव्या वाहिल्या. दुपारी संगणकावरची धूळ पुसावी म्हणून बटणाकडे हात नेला, तर मागून आवाज आला, "आधी टॅग काढ. सही तुझीच आहे ना, मग काढ, आणि झाल्यावर परत लाव. तारीख बदलून."

मुकाट्याने तसं केलं. संगणक सुरू झाला तेव्हा नव्या पत्त्यावर पुस्तकाची पहिली मागणी येऊन पडली होती. तळमजल्यावरच्या काकांची. सकाळीच दिलेलं स्वतःचं पुस्तक त्यांना परत हवं होतं. खाली लिहिलं होतं: शेवटची वीस पानं राहिली आहेत.