सरळ जाणारी गाडी

"काय दिसतं गो?"

आकाशपाळण्याखाली उभा राहून, मान खाली घालून, एखादा माणूस हे जमिनीला विचारतोय असं पाहिलंत तर तुम्हाला काय वाटेल? मलाही तेच वाटलं होतं. एका हातात बायकोच्या चपला, दुसऱ्या हातात तिची पर्स, अंगात सणाचा काळा कोट आणि नजर स्वतःच्या बुटांवर. पाळणा वर गेला की बायकोचा आवाज यायचा, "विमान उतरतंय!" आणि हा खालच्या मातीकडे बघून खूश व्हायचा.

वर का बघत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "वर बघितलं तर मी इथंच आडवा होईन, शेजारी. मग चपला कोण धरणार?"

साठ सालच्या सुमाराला अंधेरीच्या पूर्वेला एका गावठाणात मी भाड्याने राहायला आलो, तेव्हा हा माझा भिंतीपलीकडचा शेजारी. पुढे नोकरीही एकाच कारखान्यात निघाली. मला तो कायम शेजारीच म्हणाला, माझं नाव त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे. घरं कौलारू, माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती, आणि दर जानेवारीत चर्चचा सण. सणाला शेजारच्या मैदानात जत्रा भरायची. मला स्वतःला जत्रेचा मनापासून कंटाळा. धूळ, भोंगे, चण्याचे पुडे आणि हरवलेली पोरं, याला लोक मजा का म्हणतात हे मला आजही उमगलेलं नाही. पण शेजारीच असा मिळाल्यावर सुटका कुठली!

या माणसाला गोल फिरणारं काहीही सोसत नसे. कारखान्यात त्याला आधी लेथवर घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने स्वतः हात धरून पॅकिंगमध्ये नेऊन सोडला. उसाच्या चरकाकडे पाठ करून रस प्यायचा. घरी तबकडी लावली की वर रुमाल टाकायचा आणि मग गाणं ऐकायचा. आणि अशा माणसाला वेड कशाचं, तर जत्रेतल्या पाळण्यांचं.

वेड म्हणजे वेडच. दिवाळी संपली की कँटीनमध्ये याची बैठक सुरू. पॅकिंगमधले दोघं-तिघं, मी, आणि हा. "यंदा नवीन येणार बघ," हे त्याचं पालुपद. कुणी म्हणायचं, एकमेकांना धडकणाऱ्या मोटारी यायला पाहिजेत. कुणाला पाळण्यावर रंगीत दिवे हवे होते, कुणाला दोन पाळणे शेजारी शेजारी. चौपाटीवर काय आलंय, सर्कशीबरोबर काय आलंय, सगळ्या बातम्या तिथे यायच्या आणि वाढून बाहेर जायच्या. हा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी बशी पुढे सरकवून म्हणायचा, "ते सगळं झकास. पण गोल नको. सरळ पाहिजे."

मग जानेवारी यायचा, पाळणेवाल्याचे ट्रक यायचे, आणि ये रे माझ्या मागल्या. तोच पाळणा, तेच घोड्यांचं चक्र, तोच मौत का कुआ. सगळं गोल.

सरळ कशाला पाहिजे हे गावठाणात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तुम्हालाही सांगून टाकतो. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला हा बायकोबरोबर पाळण्यात बसला होता. तेव्हाचा पाळणा हाताने ओढायचा, लाकडी. दुसऱ्या फेरीत याने वरून जे काही ओतलं, ते खाली उभ्या सासऱ्याच्या नव्या कोटावर पडलं. सासरा तीन-चार सण याच्याशी बोलला नाही. तेव्हापासून बायको वर आणि हा खाली. तिला पाळण्याचा भारी शौक. एरवी ती माऊली कधी काही मागायची नाही, पण सणाला लुगडं नेसून, केसांत फूल घालून पाळण्यात बसायची म्हणजे बसायचीच. पाळण्याच्या खोक्यात दोघांची जागा. शेजारी पाळणेवाला कुणालाही बसवायचा.

एकदा ती सहज बोलून गेली, "वर गेल्यावर सगळं छान दिसतं. पण बाजूला नेहमी परकं माणूस."

तिने टोमणा मारला नव्हता. पण याच्या ते जिव्हारी लागलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. जे काय होतं ते दोघांचं दोघांत. बायकोशेजारी बसून एकदा जत्रेतल्या कशात तरी, पुढे जाणाऱ्या, न फिरणाऱ्या गोष्टीत बसायचं, एवढंच याला आयुष्यात बाकी होतं. हे त्याने मला भर कँटीनमध्ये, जोरात सांगितलं. लाजबिज काही नाही.

तोवर तो खाली उभा राहून विचारायचा. "काय दिसतं गो?" ती वरून सांगायची. विमानतळाचे दिवे. टेकडी. बँडवाले भांडतायत. एका वर्षी ओरडली, "आपलं छप्पर दिसतं! मागच्या बाजूची कौलं फुटलीत!" आता खालून न दिसणारी कौलं वरून दिसणारच. तर हा दुसऱ्या दिवशी शिडी लावून वर. पुढे तो प्रघातच पडला. सण झाला की बायकोने वरून पाहिलेली कौलं बदलायची, ती माझ्या बाजूचीही. एकदा मी म्हटलं, "अरे, पावसाच्या आधी बदल ना, जानेवारीत काय घाई?" तर म्हणाला, "तिने सांगितलंय. मे महिन्यापर्यंत ती विसरेल, मी विसरेन. तुझं डोकं भिजेल, माझं काय जातंय!"

पाळणेवाला हा एक उंच, पान खाणारा गृहस्थ. हा दर वर्षी त्याच्या मागे लागायचा. बसणाऱ्यांच्या पुढ्यात लोखंडी दांडा लाव, लुगडं अडकतं तिथे पत्रा ठोक, म्हातारीला चढायला पायरी कर. पाळणेवाला आधी हसायचा. मग दांडा आला. मग पत्रा आला. मग पायरीही आली. हा स्वतः कधीही न बसणारं गिऱ्हाईक, पण त्याच्या सांगण्यावरून सगळी जत्रा सुखाने बसत होती. शेवटी मात्र गाडी तिथेच अडायची.

"साहब, सीधा क्या लाऊं? धंदा ही गोल है," पाळणेवाला म्हणायचा.

"आगगाडी आण. छोटी. दोघं बसतील असे डबे."

सत्तर साल उलटून गेल्यावर एका जानेवारीत ट्रकमधून खरंच छोटी आगगाडी उतरली. लाल इंजिन, हिरवे डबे, डब्याला दोघांची बाकं. ही बातमी घेऊन पॅकिंगमधला एकजण माझ्याकडे धावत आला. मी ती शेजाऱ्याला सांगितली, तर याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "शेजारी, सुटी टाक." मी कशाला सुटी टाकायची? पण टाकली.

संध्याकाळी मैदानात गेलो तर काय बघतो! पाळणेवाल्याने रूळ टाकले होते मैदानातल्या क्रुसाच्या चौथऱ्याभोवती. गोल. जन्मभर गोल मांडत आलेला माणूस, त्याला रूळ दिसल्यावर दुसरं काही सुचलंच नव्हतं. आणि वर तो मोठ्या अभिमानाने आमच्याकडे बघत उभा.

मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

"वेडा का तू? आलीय ना गाडी?" तो म्हणाला. "ती किती वर्षं परक्यांबरोबर बसली, मी एक फेरी नाही बसणार?"

बसला. बायको शेजारी. डोळे गच्च मिटलेले, हात समोरच्या दांड्यावर. गाडी सुटली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या हे इथे कबूल करतो. अर्ध्या फेरीत त्याचा चेहरा पिवळा पडला. फेरी पुरी व्हायच्या आत तिनेच ओरडून गाडी थांबवली. चण्याच्या दुकानामागे तो ओणवा झालेला आणि ती त्याचा कोट नि टोपी धरून शेजारी उभी, हे दृश्य मला जसंच्या तसं दिसतं. हसू आलं होतं. पण हसवेना.

पाळणेवाला पाण्याचा तांब्या घेऊन आला. "साहब, गलती हो गई. पुढच्या साली सीधा टाकतो. जबान देतो."

तोंड धुऊन हा म्हणाला, "सरळ गेलेली गाडी परत कशी येणार?"

"उलटी येणार."

"मग काही हरकत नाही," हा म्हणाला, आणि घरी जाताना वाटभर बायकोला समजावत होता, की उलटं म्हणजे काही गोल नव्हे. ती म्हणाली, "हो हो, नीट बघून चल."

त्या पावसाळ्यात तो गेला. दुपारी पॅकिंगमध्ये खोक्यावर बसला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. चर्चच्या मागे त्याला ठेवला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. कँटीनमध्ये दिवाळीनंतर कुणी जत्रेचा विषय काढला नाही.

जानेवारीत सण आला. मी जाणार नव्हतो, पण भिंतीपलीकडून वहिनींनी हाक मारली, "भाऊ, येता का? एकटीला जायला बरं नाही वाटत." त्या काळ्या लुगड्यात होत्या. केसांत फूल नव्हतं.

मैदानात शिरलो आणि दोघंही उभे राहिलो. चर्चच्या फाटकापासून थेट तळ्याच्या काठापर्यंत रूळ टाकलेले. एकाही ठिकाणी वळण नाही. लाल इंजिन पोरांना घेऊन तळ्याकडे गेलं आणि तसंच मागे मागे परत आलं.

पाळणेवाला लगबगीने पुढे आला. "साहब किधर? बोलाव ना साहबला! बघ म्हणावं!" मग त्याने वहिनींचं लुगडं पाहिलं. बाजूला जाऊन तो तोंडातलं पान थुंकून आला. मग म्हणाला, "बैठो, बहन. बाजूला कोणाला नाही बसवणार."

"नको," वहिनी म्हणाल्या. "ती त्याची गाडी. मी एकटी काय बसू?"

त्या पाळण्याकडे गेल्या. पायरीपाशी सवयीने चपला काढल्या, उचलल्या आणि मागे न बघताच हात मागे केला. मी चपला घेतल्या. पर्सही घेतली.

पाळणा सुरू झाला. खोक्यात त्यांच्या शेजारची जागा पाळणेवाल्याने रिकामी ठेवली होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. वरून काही आवाज नाही. मला चक्करबिक्कर काही येत नाही, तरी मला वर बघवेना. बुटांकडे बघत, शक्य तेवढ्या जोरात मी विचारलं, "काय दिसतं हो, वहिनी?"

पाळणा वर जाऊन खाली आला, पुन्हा वर गेला.

"रूळ दिसतात," त्या वरून म्हणाल्या. "सरळ आहेत."