तांड्याच्या वळणावरचा इंडिकेटर

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात त्या अपघाताचा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो. बायकोलाही कधी सांगितलं नाही, आणि आता ती नाही. हात इतके थरथरतात की स्क्रू ड्रायव्हर धरवत नाही. पेन कसंबसं धरता येतं, तोवर लिहून ठेवतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात जीपच्या थांब्यामागे माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. सेनगाव, हिंगोलीला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा माझ्याकडेच यायच्या. त्यातली एक तांड्यावरच्या एका ड्रायव्हरची. वयानं माझ्याहून बराच लहान, बोलायला मोकळा. त्याची एक सवय होती. इंडिकेटर लावला तरी वळायच्या आधी तो उजवा हात पार खांद्यापर्यंत खिडकीबाहेर काढायचा आणि गाडी वळायला लागेपर्यंत आत घ्यायचा नाही. थांब्यावर सगळे त्याला हसायचे. “काहून रे, विमान उडवून राहिला का?” यात माझाही आवाज असायचा, आणि तो जरा मोठाच असायचा.

एकदा बाजाराच्या आदल्या दिवशी तो आला.

“मिस्तरी, उजवा इंडिकेटर लागतो, अन् मंग आपोआपच जातो.”

मी बल्ब पाहिले, फ्यूज पाहिला. फ्लॅशर नीट टकटक करत होता. मग इंडिकेटरची दांडी वर-खाली करून पाहिली. डावीकडे ती खटकन बसायची. उजवीकडेही बसायची, पण गाडीला जरा हिसका बसला की हळूच मधे परत यायची. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून स्विच खोलला. त्यात एक बारीक लोखंडी गोळी असते. स्प्रिंगच्या जोरावर ती प्लास्टिकच्या खाचेत बसते आणि दांडीला धरून ठेवते. उजवीकडची खाच झिजून गुळगुळीत झाली होती.

खरं तर नवाच स्विच टाकायला हवा होता. पण तो हिंगोलीहून मागवावा लागला असता.

“उद्या गाडी उभी राहिली तर तांड्यावरचे लोक बाजाराला कसे येतीन? कायतरी करा ना, मिस्तरी.”

मी सायकलच्या ट्यूबचा बारका तुकडा कापून स्प्रिंगमागे घातला. गोळीवरचा दाब वाढला, दांडी बसली. दार आपटून पाहिलं, तरी हलली नाही. हे चार दिवसांचं काम आहे, उन्हात रबर मऊ पडतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नवा स्विच आला की लगेच टाकून जा, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, “आता तो हात आत ठेव बाबा. लोक मला विचारतात, ह्याच्या गाडीला लाइट न्हाई का म्हणून. माझी इज्जत काढून राहिला तू.”

तो हसला. “बराबर हाय. आता न्हाई काढत.”

आणि त्यानं खरंच हात काढणं सोडलं.

उन्हाळ्यात, भर दुपारी, तांड्याच्या वळणावर तो उजवीकडे वळत असताना मागून पुढे निघालेली मोटरसायकल जीपवर आदळली. चालवणारा जवळच्या साखरा गावचा तरुण शेतकरी होता. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तो म्हणाला, इंडिकेटर लागलेलाच नव्हता. मागच्या टेम्पोवाल्यानंही तेच सांगितलं. ड्रायव्हर मात्र म्हणत राहिला, “म्या दांडी टाकली होती. आईची आन.”

जीप थांब्यावर आणली तेव्हा भोवती गर्दी जमली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मिस्तरी, तुमीच पाहा. स्विच बराबर हाय का?”

ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. आता मिस्तरी सांगेल, असा.

मी आत बसलो. दांडी उजवीकडे टाकली. दिवा लागला. दांडी परत येऊ पाहत होती, तळहाताला ते जाणवत होतं. मी हात काढला नाही.

“बराबर हाय,” मी म्हणालो.

“घ्या!” कोणीतरी ओरडलं. “दांडी टाकली म्हणे! गाडी चालवता चालवता झोपला असंल.”

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीहून नवा स्विच आणून बसवला आणि जुना माझ्याकडेच ठेवला. का, ते कोणीच विचारलं नाही. हळूहळू लोक त्याच्या जीपमध्ये बसेनासे झाले. त्यानं गाडी विकली आणि तांड्यावर शेती करू लागला.

यंदा दिवाळीनंतर मी तो जुना स्विच खिशात घालून रिक्षानं तांड्यावर गेलो. मला पाहून तो धावत आला, बाज टाकली, घरात ओरडून चहा सांगितला. केस पिकले आहेत त्याचे. मी काही बोलायच्या आतच त्यानं तो विषय काढला.

“लई भांडलो मिस्तरी लोकांशी. मंग वाटलं, म्याच इसरलो असंल. तुमी तर सोता हात लावून पाहिलं व्हतं. तुमी काहून खोटं बोलसान?”

मी खिशातला स्विच मुठीत धरून बसलो होतो.

“साखऱ्याला जाऊन त्या पोराच्या पाया पडून आलो,” तो म्हणाला. “माफी मागतली. तवापासून झोप लागते.”

आता ती झोप कशी मोडू, ते मला कळेना. न सांगता निघालो तर तो जन्मभर स्वतःलाच दोषी मानत राहील, तेही कळत होतं. चहा प्यालो. शेतात यंदा हरभरा पेरलाय का, असं काहीतरी विचारलं. स्विच खिशातच राहिला.

तो रस्त्यापर्यंत सोडायला आला. रिक्षा वळत असताना मधे उभा राहिला आणि हात आडवा धरून त्यानं मागची गाडी थांबवली. मी तोंड बाहेर काढलं. त्याला वाटलं, मी निरोप घेतोय; त्यानं हात हलवला आणि रिक्षा निघाली.

मला म्हणायचं होतं: तू दांडी टाकली होतीस. खोटं मी बोललो. मला माफ कर.