लंगडीचा तास

खेळाच्या तासाचं टाचण काढते असं सांगितलं की लोक हसतात. माझ्या सासूबाई तर अजूनही विचारतात, "पोरांना पळा म्हणायला लिहून कशाला न्यावं लागतं गं?" मी लोणावळ्याहून स्कूटरवर कार्ल्याजवळच्या एका हायस्कुलात जाते. आठवी ते दहावीचे पीटीचे तास माझ्याकडे असतात. आज काय खेळायचं, कशासाठी खेळायचं, कोण कुठे उभं राहणार, हे ठरवल्याशिवाय मी मैदानात पाऊल टाकत नाही. वर्गात साठेक पोरं, चेंडू दोन आणि वेळ जेमतेम अर्धा तास. टाचण नसलं तर चार दांडगी पोरं खेळतात आणि बाकीची बांधावर बसून गवताच्या काड्या मोडतात. खेळाच्या तासाला बसलेलं पोर दिसलं की माझं डोकं फिरतं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

पावसाळ्यात आमचं मैदान आणि शेजारचं भाताचं खाचर यांत फरक कळत नाही. मग गणिताचे सर माझ्या तासाला दारात येऊन उभे राहतात. "मॅडम, पाऊस आहे ना? मग हा तास मला द्या." मी म्हणते, "सर, पाऊस मैदानावर पडतोय, व्हरांड्यात नाही." सर गरीब स्वभावाचे आहेत. हसून परत जातात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात.

तर त्या वर्षी नववीत डोंगरावरच्या वाडीतली एक मुलगी होती. तिचा डावा पाय जन्मापासून बारीक आणि थोडा आखूड. लहानपणी एक ऑपरेशन झालेलं होतं, आणि झेपेल तेवढं खेळायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. रोज पायवाटेने डोंगर उतरून शाळेत यायची आणि संध्याकाळी चढून घरी जायची. बोलायला फटकळ, हसायला उदार. वर्गाचा तिच्यावर फार जीव होता आणि सगळा घोटाळा त्या जिवामुळेच झाला.

वर्गाने तिला लिंबूटिंबू करून टाकलं होतं. घरातलं शेंडेफळ "मी पण, मी पण" करत मागे लागलं की मोठी भावंडं त्याला खेळायला घेतात. त्याने वाटेल तसं पळावं. त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याला कोणी बाद करत नाही. नववीतल्या या घोडीला सगळ्यांनी मिळून तसंच ठेवलं होतं. खो-खोमध्ये तिला शिवायला निघालेलं पोर तिच्यापाशी पोचलं की नेमकी त्याच्या बुटाची नाडी सुटायची. चपला घालून आलेली पोरंसुद्धा नाडी बांधायला वाकायची. तिच्याकडे फेकलेला चेंडू एवढ्या हळू यायचा की वाटेत त्याला झोप लागावी.

त्यातच लंगडी हा खेळ आमच्या शाळेतून गुपचूप नाहीसा झाला. कोणी बंदी घातली नव्हती, पण तिच्यासमोर तो शब्दच कोणी काढत नसे. मराठीच्या तासाला 'लंगडी सबब' हा शब्दप्रयोग आला तेव्हा सगळा वर्ग एकदम खोकला म्हणे. मराठीच्या बाईंना साथ आली असं वाटलं. माझ्याही टाचणात खो-खो होता, कबड्डी होती, रिले होती, लंगडी नव्हती.

एके दिवशी तास संपल्यावर ती माझ्यामागून आली.

"बाई, मला बाद करायला सांगा की कुणाला तरी."

"म्हणजे गं?"

"मी खेळती, खेळती, बादच व्हत न्हाई. मंग मी खेळती का न्हाई, ते कसं कळायचं?"

तरी मी मास्तरकी सोडली नाही. "तुला शिट्टी देऊ का? पंच हो."

"पंच नगं. पंचाला बी कोण बाद करत न्हाई."

वर्गाला दरडावून सांगितलं असतं तर त्यांनी तिला ताबडतोब बाद केलं असतं, माझ्या तोंडाला ती घाबरतातच. पण हुकमाने केलेलं बाद म्हणजे पुन्हा लाडच, आणि ते तिच्या लगेच ध्यानात आलं असतं. मला असा तास हवा होता की तिला बाद करावं असं पोरांना आपणहून, मनापासून वाटेल. बरीच टाचणं काढली आणि फाडली. चेंडूचे खेळ झाले, बसून खेळायचे झाले, जोड्यांचे झाले. प्रत्येक खेळात पोरं तिला सांभाळायची वाट बरोबर शोधून काढत. चांगुलपणाचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मग पावसातल्या एका दिवशी, व्हरांड्यात सगळ्यांना बसवून मी विचारलं की घराकडे तुम्ही कोणते खेळ खेळता? एकेक जण सांगू लागला. विटीदांडू, लगोरी, मोबाइलवरचं क्रिकेट. तिची पाळी आली. ती म्हणाली, "लंगडी."

तिच्या शेजारी तिची जिवाची मैत्रीण बसली होती, गावातल्या बेकरीवाल्यांची लेक, वर्गातली सगळ्यांत चपळ पोरगी. ती घाईघाईने म्हणाली, "बाई, तिला एका पायाचा खेळ म्हणायचंय."

"एका पायाचा काय? लंगडीच," ती मैत्रिणीला म्हणाली. "वाडीवर रोज असती. तितं मला कोण हरवत न्हाई. हितं कोण खेळतच न्हाई, तर मी काय करू?"

मग ती हसली. तिचं बघून बेकरीवाल्यांची लेक हसली आणि मागोमाग अख्खा वर्ग. इतके महिने घशात अडकलेला शब्द एकदाचा बाहेर पडला होता.

दिवाळीनंतर मैदान वाळलं आणि मी लंगडीचा तास लिहिला. चौकोन मुद्दाम लहान आखायचे, म्हणजे पळणाऱ्याला वेगापेक्षा हुलकावणी जास्त उपयोगी पडते. एकाच वेळी चार चौकोनांत खेळ, म्हणजे बसून कोणी राहत नाही. लंगडी घालणाऱ्याचा वर धरलेला पाय टेकला की तो बाद, पळणारा रेघेबाहेर गेला किंवा शिवला गेला की तो बाद. मुख्याध्यापकांनी टाचणावर सही करताना पेन थांबवलं. "मॅडम, खेळ चांगला आहे, पण नाव जरा..." मी म्हटलं, "सर, नाव खेळाचं आहे." त्यांनी सही केली.

तिची फळी आधी लंगडी घालणार होती. ती पुढे आली, डावा पाय वर घेतला आणि चौकोनात शिरली. उजवा पाय म्हणजे लोखंड. जन्मभर सगळं ओझं त्यानेच तर वाहिलेलं. डोंगर चढून उतरून त्याची पोटरी अशी झाली होती की आमच्या कबड्डीच्या पोरांनी हेवा करावा. ती उड्या मारत नव्हती, सरकत होती. पहिली दोन पोरं हसत हसत बाद झाली, त्यांना वाटलं आपण मोठं मन दाखवतोय. तिसऱ्याचं हसू गेलं. बेकरीवाल्यांच्या लेकीला तिने कोपऱ्यात कोंडलं, डावीकडे झुकून उजवीकडून पाठीत अशी थाप दिली की आवाज माझ्यापर्यंत आला. सगळा चौकोन रिकामा झाला आणि ती अजून एकाच पायावर उभी होती, घामाघूम.

बाद झालेली फळी रेघेवर उभी होती. त्यांचे चेहरे मी पाहिले आणि मला कळलं की आता वर्गातली दया संपली. सगळ्यांना तिचा मस्त राग आला होता.

डाव पालटला. ती पळायला चौकोनात आली आणि बेकरीवाल्यांची लेक लंगडी घालत थेट तिच्यावरच निघाली. कोणाची नाडी सुटली नाही. बाहेरून पोरं ओरडत होती, "तिला धर, तिलाच धर." ती दोनदा खांदा पाडून निसटली, एकदा रेघेवरून जेमतेम आत राहिली. तिसऱ्या वेळी बारीक पाय वळायला किंचित उशीर झाला आणि खांद्यावर सणसणीत थाप पडली.

मी शिट्टी वाजवली. "बाद."

"कसली बाद?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाय टेकला व्हता तिचा."

"नाही टेकला. शप्पथ," मैत्रीण धापा टाकत म्हणाली. वरचा पाय तिने अजून खाली सोडला नव्हता.

"टेकला. म्या बघितला."

"खोटारडी."

"तूच."

दोघी माझ्याकडे वळल्या. पाय टेकला नव्हता, मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्या भांडकुदळ पोरीला जवळ घ्यावं असं मला फार वाटलं. पण मी आवाज चढवून म्हटलं, "बाद म्हणजे बाद. चल, हो बाहेर."

ती पाय आपटत निघाली. बाद झालेल्यांनी सरकून तिला जागा दिली. तिथून तिने मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "बाईंना नीट दिसत न्हाई." मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.