खापरावर काय उरलं

चारठाण्याच्या अलीकडच्या एका गावात, हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा माझं वय सव्वीस होतं. सोनपेठच्या बाजूला, गोदाकाठी, लोकांच्या शेतात राबून आईवडिलांनी मला शिकवलं होतं. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला. त्यामुळे नुसत्या सहीवर माझं भागत नसे. खाली बी.एस्सी., बी.एड. लिहायचं आणि त्याच्याखाली एक लांब रेघ ओढायची. मुख्याध्यापक एकदा हसून म्हणाले, की खडूच्या मागणीपत्रावर तरी रेघेशिवाय चालेल. चाललं असतं, पण मी ओढलीच.

शाळेच्या प्रयोगशाळेत बाकी सगळी बोंब होती. परीक्षानळ्या अर्ध्या फुटलेल्या, स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिट नाही. पण एक वस्तू अस्सल होती. काचेच्या पेटीतला तराजू. श्वास लागला तरी काटा हलायचा. वजनं मखमलीच्या खाचांत बसवलेली, ती चिमट्यानंच उचलायची. त्या पेटीवरची धूळसुद्धा मी शिपायाला पुसू देत नव्हतो.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, बप्पा त्या तराजूसाठी आले.

बप्पा म्हणजे गावातले सत्तरीचे शेतकरी. डोंगराच्या पायथ्याला त्यांची जमीन होती आणि शेतीच्या राखणीच्या परवान्यावर घरात एक रायफल होती, निजामाच्या अमदानीतली. गाव तिला रफल म्हणायचं. ज्वारी हुरड्यात आली की डोंगरातून रानडुकरं उतरत, आणि एका फेरीत वर्षाचं पीक आडवं करून जात. त्या जुन्या रफलीला बसणारी काडतुसं बाजारात मिळणं कधीच बंद झालं होतं. म्हणून बप्पा उडवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवत, त्यांना मागून ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवत, आत बंदुकीची दारू भरत, आणि तोंडाशी घरी ओतलेली शिशाची गोळी ठोकून बसवत. त्यांनी दुसरा बार काढलेला गावात कुणाला आठवत नव्हता. पहिल्यातच काम व्हायचं.

रफल त्यांनी आणली नव्हती. दोन डबे होते, आणि एक माप. माप म्हणजे अर्धी कापलेली जुनी पुंगळी, तारेची दांडी लावलेली. डब्यांत काय आहे ते कळल्यावर शिपायाला घरी कसलंसं काम आठवलं आणि तो गेला.

बप्पांनी अडचण सांगितली. सेलूच्या ज्या दुकानातून तीस वर्षं काळी दारू यायची, तो दुकानदार वारला आणि दुकान मिटलं. जुनी दारू मूठभर उरलेली. हैदराबादला नोकरीला असलेल्या मुलानं कुणा शौकीन माणसाकडून दुसरी दारू आणून दिली होती, दूध पावडरच्या डब्यात, नाव ना गाव. दाणा वेगळा, रंग वेगळा. मुलगा म्हणाला, ही भारी आहे, धूर होत नाही. आता प्रश्न एवढाच होता, की ही आपल्या रफलीला चालेल का, आणि चालली तर किती.

मला संशय आला होता. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल अजून लागायचा होता. गोदाकाठच्या काही गावांत आमच्या वस्त्यांचं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. या गावातही पारावर मी आलो की बोलणं बदलायचं. मी कोण ते गावाला माहीत होतं, गावाला सगळंच माहीत असतं. आणि आता बंदूकवाला माणूस दारूचे डबे घेऊन माझ्यापुढं बाकावर बसलेला. हा माझी परीक्षा घ्यायला आलाय, असं मी धरून चाललो. मग पेटी उघडली ती तोऱ्यातच.

आधी जुन्या दारूची तीन मापं घेतली. बप्पा माप भरत, वरून बोट फिरवत आणि कागदावर रिकामं करत. तिसरं झाल्यावर सहज म्हणाले, की दुसऱ्या वेळी माप जरा शिगेला गेलं, ज्वारीचा एक दाणाभर जास्त पडलं. मी तोललं. पहिलं आणि तिसरं सारखं. दुसऱ्याला काटा किंचित ढळला. त्यांनी कोपरीच्या खिशातून ज्वारीचा एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो मी दुसऱ्या पारड्यात टाकला आणि काटा मधोमध येऊन थांबला.

मी त्या काट्याकडे बघत राहिलो. आनंद व्हायला हवा होता. झाला राग. इतक्या महागाच्या तराजूनं जे सांगायचं, ते या माणसाच्या बोटाला आधीच ठाऊक होतं, आणि तरी तो मला विचारायला आला होता.

नवी दारू त्याच मापानं भरली तर वजनाला बरीच हलकी भरत होती. आकडे मला आता आठवत नाहीत, आठवले असते तरी लिहिले नसते. मी फळ्यावर त्रैराशिक मांडलं आणि निकाल दिला. वजनाला वजन सारखं हवं, म्हणून नवी दारू मापाहून बरीच जास्त घ्यायची. बप्पा म्हणाले, लिहून द्या, घरी पुतण्या वाचून दाखवील. मी चिठ्ठी लिहिली. सही, खाली पदवी, खाली रेघ.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आमची आई म्हणायची. मी तर उचललेली लेखणी लावली कागदाला. बंदुकीतलं मला काय कळत होतं? माहीत नाही, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण ते म्हणायची माझी तयारी नव्हती. गावापुढं तर नव्हतीच नव्हती.

सोमवारी मधल्या सुट्टीत बप्पा पुन्हा आले. हातात दोन खापरं होती, फुटक्या रांजणाची. मला त्यांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत नेलं, पोरांना लांब हाकललं, आणि उन्हात दोन्ही खापरांवर चिमूट चिमूट दारू ठेवली. एकावर जुनी, एकावर नवी. लांब काठीच्या टोकाला पेटती उदबत्ती बांधलेली होती.

जुनीला टोक लागताच फस्सकन भडका झाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. नवी मात्र पिवळ्या ज्योतीनं सावकाश जळली, देवापुढची वात जळावी तशी. मला बरं वाटलं. मी म्हणालो, बघा, ही मवाळ आहे, म्हणूनच जास्त घ्या म्हणालो.

बप्पा उकिडवे बसले. खापरं निवू दिली. मग एकेक बोट दोन्हींवरून ओढलं आणि माझ्यापुढं धरलं. एक बोट काळंकुट्ट. दुसरं जवळपास कोरं.

"सर, हिचं काजळ कुठं गेलं?"

मी वाकून कोरं खापर बघितलं, तोवर तेच पुढं म्हणाले.

"एक बार काढला की मी रफलीची नळी ऊन पाण्यानं धुतो. इतकी घाण निघती, की वाटतंय निम्मी दारू आतच ऱ्हायली. म्हंजी गोळीला ढकलायला उरली निम्मी. ही मागं कायबी ठेवत न्हाई. समदीच्या समदी कामाला लागती. मग वजनाला वजन कसं चालंल?"

मी चाचरत म्हणालो, पण जळते किती हळू. त्यावर ते डोंगराकडं बघून बोलले.

"मोकळ्या रानात डुक्कर बी पळूनच जातं, सर. कोंडलं की अंगावर येतंय. ही उघड्यावर गरीब हाय. पुंगळीत कोंडल्यावर काय करंल, ते मला ठाऊक न्हाई. आन् माझी नळी लय म्हातारी हाय."

आदल्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकवला होता. जळताना काही नाहीसं होत नाही, राख होते किंवा वायू होतो, दोन्हींची बेरीज तीच. पोरांकडून तीनदा म्हणवून घेतला होता. आणि तो नियम इथं, शाळेच्या मागच्या भिंतीशी, अंगठा उठवणाऱ्या माणसानं दोन खापरं आणि दोन बोटं एवढ्यावर उभा केला. मला जो माहीत होता तो त्याला दिसला होता. मी खाली बसलो. इतका थक्क मी कुठल्याच पुस्तकानं झालेलो नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

मग चिठ्ठी आठवली. मी विचारलं, बप्पा, भरलं तर नाही ना?

त्यांनी कोपरीच्या खिशातून एक काडतूस काढलं. चिठ्ठीप्रमाणं शनिवारीच भरलेलं. दिवस कलता कलता ते रफल घेऊन मळ्यात गेले होते. काडतूस नळीत घातलेलं. तळहाताला दारूचे चार दाणे चिकटले होते, ते त्यांनी शेकोटीच्या कडेच्या तापल्या दगडावर झटकले. दाणे जळाले आणि दगड कोराच राहिला. एवढ्यावरून त्यांनी काडतूस परत बाहेर काढलं. शनिवारी आणि रविवारी रफल न उडवता ते नुसते पत्र्याचा डबा बडवत मळ्यात बसले, आणि डुकरांनी ओढ्याकाठचा ज्वारीचा पट्टा लोळवला.

ती जुनी नळी त्यांच्या गालाशी फुटली असती. डोळा गेला असता, हात गेला असता, कदाचित जीव. आणि त्या दिवसांत, त्या गावात, माझ्या सहीच्या कागदावरून हे झालं असतं तर त्याला अपघात कुणी म्हटलं नसतं. माझं तर जे झालं असतं ते झालं असतं, पण गावाच्या कडेला माझ्या लोकांची वीस घरं होती. ही भीती मला आधी वाटली आणि बप्पांच्या डोळ्याची नंतर, हेही खरंच सांगतो.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी भर स्टाफरूममध्ये माझी पाठ थोपटली. पुतण्या ती नवी दारू वापरायला हटून बसला होता म्हणे, तेव्हा बप्पांनी चावडीवर सर्वांपुढं सांगितलं, की हायस्कुलाच्या सरांनी काचेच्या तराजूवर तोलून निकाल दिलाय, ही दारू आपल्या रफलीला चालायची नाही. डबा त्यांनी पोलीस ठाण्यात नेऊन जमा केला. गावात सरांचं नाव झालं.

ते माझ्या अंगी लागेना. फुकटचं श्रेय चोरीच्या मालासारखं टोचत होतं. आणि खोटं का सांगितलं, म्हणून रागही येत होता. शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या मळ्यात गेलो. ते खाटेवर बसून पुंगळ्या पुसत होते. मी फटकन म्हणालो, की बप्पा, मी असं सांगितलं नव्हतं. उलटं सांगितलं होतं.

त्यांनी मला खाटेवर बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो, तेव्हा हाताला धरून शेजारी बसवलं. मग ज्या सुरात पिकापाण्याचं बोलावं त्या सुरात म्हणाले, की पुतण्या माझं ऐकत नाही, म्हाताऱ्याला नव्याचं वावडं म्हणतो. तराजूचं नाव घेतलं तर ऐकतो. त्याचा डोळा वाचला, पुरे झालं.

एवढंच असतं तर मी उठून आलो असतो. पण त्यांनी कोपरीच्या आतल्या खिशातून चिठ्ठी काढली, चार घड्या घातलेली, आणि माझ्या हातात दिली. पुतण्याला ती दाखवलीच नव्हती. आकडे त्यांनी माझ्या तोंडून ऐकून ध्यानात ठेवले होते.

"मला वाचता येत न्हाई, सर. पर खाली सही हाय, एवढं कळतंय. निजामाच्या येळंला माझ्या बापानं नको त्या कागदावर अंगठा उठवला. ते रान आमाला परत दिसलं न्हाई. दिवस बरे न्हाईत. तुमची सही चुकीच्या कागदावर गावात ऱ्हाऊ नये."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. पारावरचं बोलणं, गावकुसाजवळची वीस घरं, मी तोऱ्यात का होतो तेसुद्धा. मी ज्यांना घाबरत होतो त्यांच्यापैकीच हा माणूस, आणि चार दिवस माझी सही खिशात घेऊन फिरत होता, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. मला रडू आलं. बप्पांनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि पुढची पुंगळी पुसायला घेतली.

त्या गावात मी आणखी सहा वर्षं होतो. तेवढ्या काळात कुणी काही विचारलं आणि मला येत नसलं, तर माहीत नाही म्हणायला शिकलो. पण चावडीवरची गोष्ट खोटी होती, हे मात्र मी तिथं कुणालाच सांगितलं नाही. बप्पा गेले तेव्हाही नाही. म्हणून आज लिहिलं. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, सही, पदवी आणि खालच्या लांब रेघेसकट.