मोरीत अडकलेली घोंगडी

आमच्या चिंताकीच्या फाट्यावर हैदराबादची बस थांबली तेव्हा अप्पांनी खांद्यावरची घोंगडी काढली, घडी घातली आणि माझ्या बॅगेवर ठेवली. मला नर्सची नोकरी लागली होती. बॅगेत नवे तीन ड्रेस, तिळाच्या चटणीचा डबा, सर्टिफिकेटं, आणि वर ही काळी, मेंढरांच्या वासाची घोंगडी. बसमधले लोक बघत होते आणि मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू?

"अप्पा, कामून देतायसा? तिकडं ब्लँकेट मिळतंय की."

"मिळू दे. तिकडं फरशी लई गार राहतीय म्हणं. मी दुसरी घेतो."

दुसरी त्यांनी घेतलीच नाही. थंडीत पोत्यावर पोतं घेऊन मेंढरांपाशी झोपायचे, हे मायनं मला खूप उशिरा सांगितलं.

हॉस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी पोरींनी नाकाला रुमाल लावला. मी घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून कपाटावर टाकली. पुढं दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेतलं, तिथं ती माळ्यावर गेली. नऊ वर्षं पिशवीची गाठ सुटली नाही. अप्पांना मी दरवेळी म्हणायची, घर बघायला या. ते म्हणायचे, "मेंढरं कुणाच्या गळ्यात घालू? येतो की एकदा." ते आले नाहीत. मागच्या वर्षी माळावर मेंढरं हिंडवताना बसले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा माणसं माझ्यासाठीच थांबली होती. तेराव्याला त्यांचे कपडे, पटका, जोडा सगळं रिवाजाप्रमाणं देऊन टाकलं.

वर्षाचं कार्य जवळ आलं तसा मायचा फोन आला. "येताना त्यांची घोंगडी घेऊन ये गं. बाकी काहीच ऱ्हायलं न्हाई. तिच्यात तरी त्यांचा वास असंल." धुऊ नकोस असं ती म्हणाली नाही. घोंगडी कुणी धुतं का? आमच्याकडं ती उन्हात टाकतात, काठीनं झोडपतात, की झालं काम. मी धुईन असं तिच्या मनातही आलं नसणार.

पण मी पडले दवाखान्यातली. नऊ वर्षं जे दिसेल ते गरम पाण्यात टाकायची सवय. पिशवी सोडली तर आत धूळ, एका कोपऱ्याला कसर लागलेली. वाटलं, मायच्या हाती अशी कशी देऊ? वासाचं म्हणाल तर मला तेव्हा धुळीशिवाय कसलाच वास आला नाही. मशीनमध्ये घातली, पावडर टाकली, गरम पाण्याचं बटण दाबलं आणि चहा ठेवला.

पहिलं पाणी मशीनमधून सुटलं आणि मोरीची जाळी उलटी वाहू लागली. आत जाण्याऐवजी काळपट फेसाळ पाणी बुडबुड करत वर येत होतं. बाथरूम भरलं, उंबरा ओलांडला, स्वयंपाकघरात शिरलं. आणि त्या पाण्याबरोबर वास आला. ओल्या मेंढीचा, बिडीचा, घामाचा. अप्पा पावसात भिजून दारात उभे राहायचे तेव्हा यायचा, अगदी तो. मी हातात फडकं घेऊन थिजले. नऊ वर्षांत अप्पा पहिल्यांदा माझ्या घरी आले होते.

आणि मी काय केलं? खालच्या मजल्यावरची बाई ओरडेल म्हणून घाबरले. अर्धी बाटली फिनेल ओतलं. मग चहाचं आधण मोरीत ओतलं, पुन्हा पातेलं भरून उकळलं, पुन्हा ओतलं, म्हणजे तुंबलेलं विरघळेल. चिंताकीची पोर असून मला हे सुचावं! घोंगडी कडक राहावी म्हणून माय तिला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजायचे, भरडायचे, उकळत्या पाण्यात शिजवायचे. ढवळायला मीच असायची. उकळतं पाणी मिळालं की खळ घट्ट होते आणि लोकर आवळून बसते, हे मला शाळेच्या आधीपासून ठाऊक. तरी मी पातेल्यामागून पातेलं ओतत राहिले आणि घोंगडीतून सुटून मोरीत अडकलेला लोकर-खळीचा गोळा शिजवत राहिले.

गावाकडं मोरी म्हणजे भिंतीला एक भोक. आंघोळीचं, धुण्याचं पाणी त्यातून परसात, केळीच्या बुडाशी. तुंबली की मी तुराटीनं ढोसायची आणि अप्पा हसायचे. "काटीला काय कळतंय? हात घाल." शेवटी मी जाळी काढली आणि कोपरापर्यंत हात घातला. बोटांना मऊ, गुंतलेलं काहीतरी लागलं. बघायची गरजच पडली नाही. लहानपणी त्याच घोंगडीत तोंड खुपसून झोपलेली मी, बोटांनी ओळखलं. तिथंच फरशीवर बसून रडले. ती फरशी खरंच लई गार होती.

गोळा माझ्यानं निघाला नाही. प्लंबर आला, त्यानं लांब तार फिरवून फिरवून तो ओढून काढला. नारळाएवढा, काळा. "क्या डाले मॅडम इस में? बकरा धोए क्या?" तो हसत म्हणाला.

"मेरे अप्पा का कम्मल था," मी म्हटलं. "गुजर गए."

त्याचं हसू विरलं. गोळा बादलीत टाकायला निघालेला हात थांबला. त्यानं जुना पेपर मागितला, गोळा त्यावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "रख लेव." मी तो गॅलरीत वाळवला. त्याला फिनेलचाच वास राहिला.

मशीनमधून घोंगडी निघाली ती पाटावर अंथरण्याएवढी, जाड, आखडलेली. साबणाचा वास मारणारी.

गावाकडून इकडं आलेल्या माझ्या माणसांनो, तुमच्याही माळ्यावर असलं काहीतरी पिशवीत पडलं असेल. स्वच्छ करायला जाऊ नका. माझं हसं झालं तरी चालेल, पण हे ऐका.

कार्याच्या आदल्या दिवशी मी ती मायच्या हातात दिली आणि काय झालं ते सगळं सांगून टाकलं. तिनं बारक्या घोंगडीवरून हात फिरवला, तोंडाशी नेली, डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"यायलाय की वास," ती म्हणाली. "कामून रडायलीस? यायलाय."

मायला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात तिला ते जमलेलं नाही आणि तेव्हाही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी मी आत गेले, तर माय भिंतीला नाक लावून उभी. खुंटीखालची ती जागा. मला देण्याआधी कितीतरी वर्षं घोंगडी तिथंच टांगलेली असायची, तेलकट काळा डाग पडलाय. घराला चुना देताना मायनं तेवढी जागा सोडायला लावली होती. तेव्हा आम्ही तिला हसलो होतो. आता माझं घर म्हणून उरलंय ते तेवढंच, हातभर भिंत.

मला बघून ती लाजली नाही. बाजूला सरकली. "ये, हितं नाक लाव. हितं हाय बघ अजून."

मी नाक लावलं. डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. मातीचा वास आला, निव्वळ मातीचा. माय माझ्या तोंडाकडं बघत होती.

"व्हय माय," मी म्हटलं. "यायलाय की."