लसणाचा पहिला घाणा

माझ्या हातची एकच गोष्ट आजवर सगळ्या गल्लीला पुरली, ती म्हणजे माझी चूक.

गेल्या दिवाळीत महागाईनं आमच्या माधवनगरच्या गल्लीचं कंबरडं मोडलं होतं. तेल महाग, डाळ महाग, आणि लसणाचं तर नावच घेऊ नका! मी मागावर काम करणारा माणूस. मागाचा आवाज वाढतो, पगार वाढत नाही. कुंडलच्या बहिणीनं लसणाची जुडी धाडली, तर आमच्या सुनंदानं ती कपाटात लग्नातल्या शालूशेजारी कुलूपबंद करून ठेवली. (शालूला वास लागला तो लागलाच!)

तेलावर बायकांनी तोड काढली. चार घरांनी मिळून पाच लिटरचा कॅन आणायचा आणि आमच्याकडं एकाच कढईत सगळ्यांचा फराळ तळायचा. पहिला घाणा शेजारच्या पाटीलकाकूंचा. काकू जैन, कांदा-लसूण वर्ज्य. त्यात लेकीचा पहिला दिवाळसण, जावई संध्याकाळच्या गाडीनं येणार, आणि घरात अजून एक चकली नाही!

काकू देवळातून यायच्या होत्या. बाकीच्या पिठं आणायला पांगल्या. सुनंदा मला बजावून गेली, "शेगडीपाशी नुसतं बसा. कशालाबी हात लावू नका!"

मी लावला. आधी अख्खा कॅन कढईत रिकामा केला (कढई तुडुंब दिसली की आपणही पैसेवाले वाटतो!). मग तेल तापलं का बघायला काहीतरी टाकायला नको? पीठ नव्हतं. कपाटाची किल्ली कुठं असते ते मात्र ठाऊक होतं! यंदा बिनलसणाचा चिवडा, या दुःखानं मी आठवडाभर झुरत होतो. गड्डा सोलला आणि टाकला. चर्रर्र!

अहाहा, काय तो वास! समोरचे रिटायर सुभेदार अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आले.

"लसूण? कुणाकडं रं? एवढा मोठा मानूस कोन आपल्या गल्लीत?"

"मीच की!" मी छाती फुगवली.

तेवढ्यात चकलीचं पीठ घेऊन काकू दारात! त्यांनी वास घेतला, कढई पाहिली आणि मटकन खाली बसल्या. मागून सुनंदा आली.

"आवं, काय केलंसा हे!"

"झाऱ्यानं काढतो की लसूण!"

"आन् वास कशानं काढताय? टावेलानं?"

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या डोळ्यांना पदर लावून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आता जावयाम्होरं काय ठेवू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाअखेर, खिसा रिकामा, गाडी यायला दोन तास!

मी कपाटाकडं धावलो, उरलेली जुडी बगलेत मारली आणि सायकलनं थेट किराणा दुकान गाठलं. दुकानदारानं जुडी नाकाला लावून डोळे मिटले.

"गावठी हाय व्हय?"

"कुंडलचा! त्याबदली तेल द्या, आन् लवकर द्या!"

गड्या, दोन पिशव्या दिल्या की! काकूंची कढई, काकूंची शेगडी, ताजं तेल! चकल्या सोऱ्यातून धडाधड पडू लागल्या. शेवटचा घाणा निघाला आणि जावयाची रिक्षा गल्लीत वळली. मी तर आनंदानं नाचलोच! काकूंनी मोठ्या मनानं उरलेल्या तेलात गल्लीच्या करंज्याही तळून दिल्या.

राहिलं लसणाचं तेल. पण त्याच्यासाठी बायका आधीच भांडी घेऊन उभ्या! "म्हैनाभर फोडनीला लसूण नको बघ!" एक म्हणाली. सुनंदानं पळीनं वाटायला घेतलं. काकूंना ते चालणार नव्हतं, त्यांचा वाटा ताज्या तेलातल्या चकल्यांतच फिटला. आमचा वाटा सुभेदारांच्या डब्यात गेला. दंड म्हणून!

पुढं महिनाभर गल्लीतल्या आमटीआमटीला लसणाचा वास होता. आमच्या घरी मात्र लसूण नाही, तेलही जेमतेम. मी भाकरीचं ताट घेऊन उंबऱ्यावर बसायचो, सुभेदारांच्या खिडकीकडं तोंड करून.

"आवं, सुरू करा की जेवायला," सुनंदा आतून ओरडायची.

"थांब गं," मी म्हणायचो, "त्यांची फोडनी अजून बसायची हाय!"